शेवटच्या घरापुढचा खड्डा

आमच्या घराच्या जिन्याखाली, फरशीच्या आत, एक मोटर बसवलेली होती. हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटर सगळ्यांकडं असते; ती नव्हे. ही थेट नळाच्या लाईनीला जोडलेली होती. नळ आला की बटण दाबायचं आणि गल्लीच्या पाइपात जे पाणी असेल त्यातलं जमेल तेवढं आमच्याकडं ओढून घ्यायचं. ती मी माझ्या हातानं बसवली होती. मोटर आहे हे माझ्या बायकोला, मंगलला, माहीत होतं. त्या मोटरीनं कुणाचं काय गेलं हे मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंगललाही नाही.

या अंकासाठी माझ्याकडं मागितला होता तो लेख वेगळा. ‘घरी आणि कामावर पाणी वाचवायचे सोपे उपाय, तुमच्या अनुभवातून, जरा खुसखुशीत होऊ द्या,’ असं संपादक म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सचा फोरमन आहे आणि तिथली पाण्याची सगळी जबाबदारी माझ्याकडं आहे. शाळांमध्ये, महिला बचत गटांमध्ये, सोसायट्यांच्या गच्च्यांवर मी या विषयावर इतकं बोललोय की लोक मला ‘पाणीवाले साहेब’ म्हणतात. उपाय तोंडपाठ आहेत. लिहायला बसलो, पहिला उपाय लिहिला, आणि पुढं हात चालेना. म्हणून आधी मोटरीचं लिहिलं. आता जमेल असं वाटतंय.

मेंटेनन्स म्हणजे कारखान्यात जे गळतं, तापतं, अडकतं, ओरडतं ते बघणं. यात पाण्याचं काम सगळ्यांत फसवं. वीज गेली की माणसं बोंब मारतात. पाणी गुपचूप जातं. आमच्याकडं कॉम्प्रेसरच्या खोलीमागं केळीचं बन होतं. पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणायचे. ‘बघा, मराठवाड्यात असून कशी हिरवळ ठेवलीय.’ वॉचमन लोक केळी खायचे आणि मला कडक सलाम ठोकायचे. एका मे महिन्यात टँकर वेळेवर येईनात, संडास बंद ठेवायची पाळी आली, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपल्याला प्यायला पाणी नाही आणि केळीला कोण पाजतंय? वरच्या टाकीतला फुगा, म्हणजे पाणी भरलं की तरंगत वर येऊन नळ बंद करणारा गोळा, तडकून पाण्यानं भरला होता. तो तरंगतच नव्हता. टाकी भरून वाहायची, जास्तीचं पाणी पाइपातून भिंतीमागं पडायचं, आणि वर्षानुवर्षं आम्ही त्या गळतीचं कौतुक करत होतो. मी फुगा बदलला. पावसाळ्यापर्यंत केळी वाळून गेल्या. वॉचमननी सलाम सोडला.

दुसरा प्रसंग संडासाच्या टाकीचा. फ्लशची टाकी आतून गळते का, हे बघायचं सोपं आहे. टाकीत थोडा रंग टाकायचा, फ्लश न करता थोडा वेळ थांबायचं. खालच्या भांड्यात रंग उतरला तर समजायचं की टाकी गळते आहे. मी रंगपंचमीचा उरलेला लाल रंग घेऊन सगळ्या कारखान्यात फिरलो. मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या संडासातही टाकला. दारावर पाटी लावायची मात्र विसरलो. साहेब आत गेले आणि पांढरेफटक होऊन बाहेर आले. शिपायाला म्हणाले, ‘गाडी काढायला सांग.’ बिचारे दवाखान्यात पोचले, तिथं तपासण्या लिहून दिल्या, तोवर मला कळलं. मी फोनवर खरा प्रकार सांगितला. मग ते म्हणाले, ‘म्हणजे गळती माझ्यात नाही ना?’ म्हटलं, ‘नाही सर, टाकीत आहे.’

असे किस्से मी भाषणात सांगायचो. लोक हसायचे. हसल्यावर माणूस ऐकतो, हे मला कळलं होतं. मग सांगायचो: नळाच्या तोंडाला जाळी बसवा, धार तेवढीच वाटते आणि पाणी कमी जातं. दाढी करताना मगात पाणी घ्या. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे टाकाऊ पाणी निघतं त्यानं फरशी पुसा. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत ओता. आणि कुठंही बोललो तरी शिळ्या पाण्यावर यायचोच.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्या शहरात नळ रोज येत नाही. आठवड्यातून एकदा येतो, कधी आठवडा उलटून जातो. पाणी आलं असं आम्ही म्हणत नाही. ‘नळ आला’ म्हणतो, पाहुणा आल्यासारखं. कारखान्यात एखादा ऑपरेटर येऊन ‘साहेब, आज नळ आहे’ एवढं म्हणाला की मी ‘जा’ म्हणतो, दुसरं कारण विचारत नाही. (एकाला मात्र मी म्हटलं होतं, ‘तुझ्या गल्लीत बरोबर मॅचच्या दिवशी नळ कसा येतो रे?’) तर असा हा नळ आला, की घरोघरी बायका काय करतात? ड्रममध्ये उरलेलं पाणी गटारीत ओतून देतात. कारण ते शिळं झालं. ज्या पाण्यासाठी आठवडाभर जीव टांगणीला, तेच पाणी नवं आलं म्हणून ओतायचं. झाकून ठेवलेलं पाणी आठवड्यात नासत नाही, निदान धुवायला-पुसायला तरी ठेवा, असं मी सांगायचो. एका ठिकाणी एक आजी उठून म्हणाल्या, ‘तुमी शिळी भाकर खाताव का?’ मी म्हटलं, ‘खातो की.’ ‘बायकू घरात हाय ना?’ ‘आहे.’ ‘मंग खोटं बोलताव.’ सगळी गच्ची हसली, मीही हसलो.

घरी येऊन जिन्याखालचं बटण दाबायचो.

मोटर बसवायचं कारण सांगण्यासारखं नाही. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न निघालं नव्हतं. एका उन्हाळ्यात नळाचा दाब कमी झाला, आमची टाकी अर्धीच भरायला लागली, आणि मंगल म्हणाली, ‘जगाच्या टाक्या दुरुस्त करता, घरच्या टाकीचं काय?’ तेवढंच. एका रविवारी ती मुलांना घेऊन खुलताबादला दर्शनाला गेली. मी प्लंबर बोलावला नाही, कारण प्लंबर बोलतो. स्वतः फरशी उचकटली, खाली चौकोनी खाच केली, मोटर बसवली, आवाज फुटू नये म्हणून खाली-वर रबराची जाड चादर घातली, फरशी परत अशी बसवली की सांधा दिसू नये. लाज वाटते, पण खरं सांगतो: माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत स्वच्छ काम होतं. एक थेंब गळत नव्हता.

पाइपातलं पाणी ओढलं की काय होतं, हे मला माहीत होतं. कारखान्यात मी हेच शिकवतो. लाईन एकच असते. मधल्यानं ओढलं की शेवटच्याला हवा मिळते.

आमच्या गल्लीत शेवटचं घर सोनामावशीचं.

सोनामावशी मूळची कन्नड तालुक्यातली. माहेर-सासर दोन्ही मेंढपाळ. लग्नानंतर काही वर्षं ती नवऱ्यासोबत मेंढरामागं हिंडली, मग मेंढरं मोडली, नवरा इथं वॉचमन झाला, दोन खोल्या बांधल्या आणि वारला. मुलगा अंकुश टेंपो चालवायचा. मावशीला आमच्या कँटीनमध्ये भांडी घासायचं काम मीच लावून दिलं होतं, त्यामुळं ती मला फार मानायची. ‘भौ’ म्हणायची. वयानं माझ्यापेक्षा मोठी, पण रस्त्यात दिसलो की पदर सावरून उभी राहायची.

कँटीनमध्ये भांडी वाहत्या नळाखाली धुवायची पद्धत होती. मी तीन टपं मांडली. पहिल्यात घासून बुडवायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात स्वच्छ करायचं. पहिलं घाण झालं की ओतून द्यायचं, दुसरं पहिलं करायचं, तिसरं दुसरं, आणि ताजं पाणी फक्त शेवटच्यात. आमचे आचारी, ज्यांना सगळे महाराज म्हणायचे, ते खवळले. ‘साब, ठहरे हुए पानी में धोया बर्तन जूठा ही रहता है. पाप मेरे को मत लगाओ.’ मावशी खाली बसून ताटं बुडवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘महाराज, मेंढरामागं हिंडताना एका घागरीत आमचं समद्याइचं जेवण आन भांडे उरकायचे. एवढं पाप असतं तर मी कव्हाच मेले असते.’ महाराज चुलीकडं वळले. तीन टपांची पद्धत तिच्यामुळं टिकली.

मी मोटर बसवली त्याच्या पुढच्याच नळाला तिच्या घरी पाणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी करंगळीएवढी धार आली, एक हंडा भरेतो टिकली. मावशीनं गल्लीत विचारलं. सगळ्यांना थोडं कमी येत होतं, उन्हाळा होता, कुणाला वावगं वाटलं नाही. तिची सून रेखा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, कन्नडजवळच्या गावी. मुलगा झाला. पेढे घेऊन मावशी आमच्याकडं आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. ‘नातू झाला भौ! आता सव्वा महिन्यानं आणते घरी.’

सव्वा महिना झाला, आणि रेखा येईना.

एका दुपारी मावशी कँटीनमागं माझी वाट बघत उभी होती. म्हणाली, ‘भौ, तुमी पाण्याचे माहीतगार. जरा घरी येऊन बघता का? मह्या नळाला पाणी कामून येईना? नुसता फुसफुस करू राहिला, नागावाणी.’ मग आवाज खाली करून, ‘रेखा म्हणती, लहान्या लेकराचं रोजचं धुणं, न्हाणं. नळाला पाणी आलं की येते. तिचं बी काय चुकलं? मीच तिच्या जागी असते तर नसते आले.’

मी गेलो. जायलाच हवं होतं. नळाच्या दिवशी संध्याकाळी गेलो, पाना घेऊन. तोटी काढली, आत फुंकून बघितलं, पाइपावर पान्यानं ठोकलं. पाइप साफ होता, ते मला घरातून निघतानाच माहीत होतं. अंकुशनं मोबाइलची बॅटरी धरली होती. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती, डॉक्टरच्या तोंडाकडं बघावं तशी. तेवढ्यात अंकुशचा फोन वाजला. रेखा होती. त्यानं स्पीकर लावला.

‘काय म्हणले भाऊ?’ रेखानं विचारलं. मागं बाळ कुरकुरत होतं.

मी उठून उभा राहिलो. खरं सांगायला ती जागा आणि ती वेळ होती. मी म्हणालो, ‘तुमचं घर चढावर आहे. दाब पुरत नाही.’

‘मंग?’ मावशीनं विचारलं.

‘नळ खाली घ्यावा लागेल. घरापुढं खड्डा करायचा आणि खड्ड्यात नळ सोडायचा. जितका खाली तितकं पाणी जास्त.’

हे मी हवेतून काढलं नव्हतं. आमच्या शहरात असे खड्डे हजारो दारांपुढं आहेत. दाब कमी असला की लोक खाली उतरतात. बाई खड्ड्यात बसते, तांब्यानं हंडा भरते, वर देते. म्हणूनच माझं खोटं खपलं. चार घरांना जे खरं, तेच मी पाचव्याला सांगितलं. तिच्या घरापुढचा चढ विटेच्या उंचीचाही नव्हता.

मावशी फोनमध्ये म्हणाली, ‘ऐकलं का गं रेखा? खड्डा करायचाय फक्त. भौ म्हणले.’

‘करा आत्याबाई. मी वाट बघते,’ रेखा म्हणाली.

आमच्याकडची जमीन म्हणजे वर बोटभर माती आणि खाली मुरूम. पहार लागली की ठिणगी उडते. अंकुश कामावरून आला की खणायचा, मावशी घमेलं उपसायची. गुडघाभर झाला. नळ आला तेव्हा थोडं जास्त पाणी आलं, कारण त्या दिवशी आमच्याकडं मंगल बाहेर गेली होती आणि मोटर लावायचं राहिलं होतं. मावशीला वाटलं, गुण आला. पुढच्या वेळी परत फुसफुस. तिनं मला विचारलं, ‘अजून खोल घ्यावा लागंल का?’

मी म्हणालो, ‘बघा घेऊन.’

कंबरेएवढा झाला. मग छातीएवढा. कडेला दगडाच्या पायऱ्या केल्या. कामावर जाता-येता तो खड्डा मला दिसायचा, त्यात वाकलेली तिची पाठ दिसायची. घरी जाऊन मोटर काढायला तासभर लागला असता. का काढली नाही, याचं मोठं उत्तर माझ्याकडं नाही. आमची टाकी भरत होती. भरलेल्या टाकीची सवय फार लवकर लागते.

मंगलनं एकदा विचारलं, ‘सोनामावशीकडं खरंच चढ आहे का हो?’

‘थोडा आहे,’ मी म्हणालो.

‘मला तर दिसत नाही.’

‘पाण्याला दिसतो.’

असली वाक्यं मला पटकन सुचायची. भाषणं देऊन जीभ तयार झाली होती.

त्याच वर्षी कारखान्यात पाण्यावर कार्यक्रम झाला. ‘पाणी वाचवणारा कामगार’ म्हणून कुणाचा तरी सत्कार करायचा होता. साहेबांनी मला नाव विचारलं. मी सोनामावशीचं दिलं. मनात काय होतं ते आज नीट सांगता येत नाही; बहुतेक शाल देऊन मला हिशोब मिटवायचा होता. स्टेजवर मीच तिची ओळख करून दिली. ती परातीत उभी राहून अंघोळ करते, ते पाणी धुण्याला, धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासला. आठवड्याचं पाणी एका ड्रममध्ये भागवते. ‘हिच्याकडून आपण सगळ्यांनी शिकलं पाहिजे,’ असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. तिला शाल आणि नारळ दिला आणि बोलायचा आग्रह केला. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला, घट्ट, पहार धरावी तसा.

‘मला बोलता येत नाय. भौनं शिकवलं तसं केलं. आन खरं सांगू का, पाणी आलं असतं तर येवढं वाचवलंच नसतं.’

सगळा हॉल हसला. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मी टाळ्या वाजवत होतो. ती उपाशी होती आणि मी तिच्या उपासाचं कौतुक मांडलं होतं. बचत माणूस आपल्या वाट्यातून करतो. तिचा वाटा आमच्या टाकीत होता.

त्या दिवशीही मोटर काढली नाही.

पावसाळा आला-गेला. रेखाचा ‘वाट बघते’ हा शब्द हळूहळू बदलत गेला. अंकुश दर आठवड्याला कन्नडला जाऊन लेकराला बघून यायचा. एका रविवारी तो आमच्या दारात आला, खाली बघत म्हणाला, ‘भौ, मी वाळूजला खोली बघितली. तिथं मालकाची बोअर हाय. रेखा तिथं यायला तयार हाय. आईला तुमी समजावून सांगा. मह्याच्यानं बोलवत नाय.’

मी समजावून सांगितलं. हेही काम मीच केलं. मावशी ऐकत होती, ओट्यावर बसून, हातात पाण्याचा रिकामा तांब्या. शेवटी म्हणाली, ‘लेकरू धुतलं-पुसलं ऱ्हाईल ना तिकडं? मंग जाऊ द्या. मह्या हातानं न्हाऊ घालायचं व्हतं, तेवढंच.’ अंकुश-रेखा तिला सोबत ये म्हणाले होते. खोली एकच, आणि हे घर नवऱ्यानं बांधलेलं. ती गेली नाही.

मोटर शेवटी मी काढली, तीही दोन-तीन वर्षांनी, आणि लाज वाटून नाही. गल्लीगल्लीत तपासणी होणार, थेट लाईनीवरच्या मोटरी जप्त करणार, अशी बातमी कानावर आली. ‘पाणीवाले साहेबांच्या जिन्याखाली मोटर’ ही बातमी कशी दिसेल ते डोळ्यांपुढं आलं आणि त्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी फरशी उचकटली. मंगल दारात उभी राहून म्हणाली, ‘तपासणी होऊन गेली की परत बसवणार ना?’ मी पाना फिरवत राहिलो. परत बसवली नाही, एवढंच स्वतःच्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. पण टाकूनही दिली नाही. ती अजून माळ्यावर आहे, चादरीत गुंडाळलेली.

त्यानंतरच्या नळाला मी घरीच होतो. दुपारची वेळ. गल्लीच्या टोकाकडून ओरडणं ऐकू आलं, आधी वाटलं कुणी पडलं. धावत गेलो. सोनामावशी खड्ड्यात उभी होती. नळातून मनगटाएवढी धार धो-धो पडत होती, तिच्या पोटऱ्या बुडाल्या होत्या, लुगडं भिजलं होतं आणि ती हसत होती. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

‘भौ! बघा तुमचा खड्डा! मागल्या आठवड्यात अजून वीतभर खणला मी एकटीनं. लागलं बघा पाणी!’

शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या. एक म्हणाली, ‘साहेबांचा सल्ला म्हणल्यावर लागणारच.’ मी तिथं उभा राहिलो आणि मान हलवली.

तिनं ओल्या हातानंच वाळूजला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. आनंदाची बातमी मी ऐकायलाच हवी, असं तिला वाटलं असणार.

‘रेखा, अगं पाणी आलं! लई आलं! आता या घरी. लेकराला घेऊन या.’

रेखा म्हणाली, ‘बरं झालं आत्याबाई. पण आता याला इथं अंगणवाडीत घातलाय. इथं रमलाय तो. यांचं काम बी इकडंच. दिवाळीला येऊ ना आम्ही.’

‘व्हय, व्हय,’ मावशी म्हणाली. ‘या दिवाळीला.’ फोन ठेवून तिनं हंडा नळाखाली लावला. हंडा भरून वाहायला लागला तरी ती तशीच बघत राहिली. थेंब न सांडणारी बाई. तिच्या पायांशी पाणी नुसतं वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्याकडं खरवस आणला. भावाची म्हैस व्याली होती, त्यानं गावाकडून चीक पाठवला होता. ‘नातवासाठी ठेवणार व्हते. पण आधी तुमाला. तुमी नसते तर मह्या दारात पाणी नसतं.’ मंगलनं ताटलीत वाढला. मी खाल्ला. सगळा खाल्ला, कारण ती समोर बसून बघत होती.

याला आता बरीच वर्षं झाली. नातू शाळेत जातो, दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो. आजीशी बोलताना आईकडं बघतो, परक्याशी बोलताना लहान मुलं बघतात तसा. त्याला लहानपणी न्हाऊ घालायचे दिवस मी परत आणू शकत नाही. त्याची भरपाई माझ्याकडं नाही आणि ती करायचं नाटकही मी आता करणार नाही.

पण एक गोष्ट रोज डोळ्यांपुढं आहे. मावशी अजून त्या खड्ड्यात उतरते. गुडघे गेलेत. नळ आला की कठड्याला धरून एकेक पायरी उतरते, तळाशी बसते, खालून हंडा वर सरकवते, आणि मग दोन्ही हात टेकून वर येते. एवढ्या दाबाचं पाणी ओट्यावर सहज येईल. मागच्या नळाला मी तिला म्हणालो, ‘मावशी, नळ वर घेऊ का? खड्ड्याची आता गरज नाही.’

‘नको रे बाबा,’ ती म्हणाली. ‘ह्या खड्ड्यानं पाणी दिलं. बुजवला आन परत फुसफुस सुरू झालं तर? तवा तुमीच म्हणले व्हते, जितका खाली तितकं जास्त.’ आणि हात वर करून म्हणाली, ‘जरा हंडा धरा.’

मी हंडा धरला. वरून तिचे पांढरे केस दिसत होते.

संपादकांना उपाय हवे होते. जे येतात ते वर जागोजागी सांगितले आहेत, ते सगळे खरे आहेत आणि करून बघावेत. आता माझं देणं. हा अंक छापून लोकांच्या हाती पडायच्या आत मला तिच्या ओट्यावर जाऊन सांगायचं आहे की, तुमच्या घराला चढ नव्हता, पाणी मी ओढत होतो, आणि खड्डा मी खोटं बोलून खणायला लावला. त्यानंतर तिनं परवानगी दिली तर तिचा नळ वर घ्यायचा आहे आणि तो खड्डा माझ्या हातानं बुजवायचा आहे. हे लिहून होईपर्यंत यातलं काहीही मी केलेलं नाही.